शक्यतो

दालन क्रमांक तीनमध्ये ती त्या दिवशी गेली ती एका पाटीसाठी. नव्याने छापून आलेली पाटी चित्राच्या उजवीकडे दोन बोटं खाली लागली होती. पाटीवरचा मजकूर लिहिणारा शिक्षण विभाग तिचा आणि पाटी जिथे लागायची ते चित्र सांभाळणारा संग्रह विभागही तिचाच, त्यामुळे तक्रार करायची तर आरशासमोर उभं राहूनच, असं ती हाताखालच्या लोकांना हसत सांगायची. सकाळचे अकरा वाजले होते. खिडक्यांचे पांढरे पडदे अर्धे ओढलेले होते, लाकडी जमिनीला नुकत्याच पुसल्याचा ओलसर वास होता, आणि मोठ्या चित्रासमोर पंचवीसेक मुलं मांडी घालून बसली होती. त्यांच्या बाई पंचेचाळिशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, एका चपलेचा पट्टा सैल झालेला. त्या सांगत होत्या, "ही होडी रिकामी का आहे? कारण होडीवाला छत्री विसरलाय. ती आणायला घरी गेलाय. घरी त्याची आई म्हणते, आता आलासच आहेस तर जेवून जा. म्हणून या दोघी कधीच्या काठावर ताटकळल्यात. हिचा एक पाय तर दुखायला लागलाय. बघा बरं, कुठल्या पायावर भार दिलाय?" पंचवीस माना एकदम पुढे झाल्या. "डाव्या!" कुणीतरी ओरडलं, आणि तिचा हात पाटीवर होता तिथेच राहिला.

पाटीवर तिने लिहिलं होतं, 'नदीकाठची दुपार. तैलरंग. चित्रकाराच्या उत्तरकाळातील प्रकाशाचा अभ्यास.' छत्रीचा उल्लेख नव्हता, कारण चित्रात छत्री नव्हतीच. ती छत्री जगात एकाच माणसाने पाहिली होती. कोपऱ्यातला गार्ड उठून आला आणि बाईंना म्हणाला, "हळू बोला, इथे आवाज करायला परवानगी नाही." बाई ओशाळल्या. मुलं पुढच्या दालनाकडे रांगेने निघाली तेव्हा ती बाईंच्या जवळ गेली आणि आपल्या आवाजात नेहमीचा कार्यालयीन मऊपणा आणत तिने विचारलं, "ही गोष्ट तुम्ही कुठे वाचलीत?"

"वाचली कुठली!" बाई म्हणाल्या. "मी सातवीत असताना शाळेबरोबर आले होते, तेव्हा इथे एक मामा होते. गार्डच होते, पण काय सांगायचे! आम्ही तासभर या एकाच चित्रासमोर. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा पहिला वर्ग घेऊन आले, खरं सांगू का, फक्त त्यांच्यासाठी आले. मामा तिथेच, त्याच खुर्चीवर. म्हटलं, मामा, छत्रीची गोष्ट सांगा ना पोरांना. तर नुसती मान हलवली, नाही म्हणून. आणि दाराकडे बघत बसले. मला वाटलं, माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं. बावीस वर्षं झाली, अजून मनात येतं बघा. तुम्हाला काही माहीत आहे का, काय झालं असेल?"

"कल्पना नाही," ती म्हणाली.

इतक्या सहज आलं ते. अडखळणं नाही. बाई निघून गेल्यावर तिला वाटलं, आपण हे दोन शब्द वर्षानुवर्षं तोंडात घोळवून इतके गुळगुळीत केले आहेत की ते आता आपोआप घरंगळतात. ती वर आपल्या खोलीत आली. दार लावून बसली. टेबलावर शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती गठ्ठ्याने येऊन पडली होती, सातवी. तिच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, तो प्रश्न होता ज्यासाठी तिला ओळखतात: 'या चित्रात कोण नाही?' बाकी संग्रहालयं मुलांना चित्रात काय दिसतं ते विचारतात, तिने उलटं विचारायला शिकवलं, असं तिच्या सत्काराच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं. हे तुम्हाला सुचलं कसं, असं दर परिषदेत कुणी ना कुणी विचारतंच, आणि ती म्हणते, अनुभवातून. म्हणजे खोटं नव्हेच. अनुभव होताच. तो अनुभव आठ वर्षांचा होता, त्याच्या फ्रॉकच्या खिशात अर्धं बिस्किट होतं आणि तो दालन तीनच्या खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसला होता.

आई नर्स होती. तिची दुहेरी पाळी असली की मामा तिला सकाळी बरोबर घेऊन यायचा. गार्डच्या खुर्चीवर मात्र बसू द्यायचा नाही, ती ड्यूटीची खुर्ची. तू आपली कट्ट्यावर. ती इतकी किडकिडीत होती की मामा तिला पेन्सिल म्हणायचा. दुपारी दालन रिकामं झालं की तो चित्रासमोर उभा राहून, हात पाठीमागे बांधून, विचारायचा, "पेन्सिल, सांग, यात कोण नाही?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा." बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर त्याने तिला जवळ घेतलं असतं, किंवा विषय बदलला असता. मामाने चित्राकडे नीट पाहिलं, जणू खरंच शोधलं, आणि म्हणाला, "बरोबर. आणखी कोण नाही?" मग होडीवाला नाही हे तिला दिसलं. मग छत्री निघाली, त्याची आई निघाली, जेवण निघालं. शेजारच्या चार नंबरमधला गार्ड दारातून डोकावून म्हणायचा, "अरे, इतका वेळ जेवतोय तर काय खातोय तेही सांग." त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण तो भिंतीवरच्या घड्याळाशीसुद्धा वाद घालायचा. मामाचं आणि त्याचं डब्यातलं अर्धं अर्धं असायचं. दोन दालनांच्या मधला उंबरठा हीच त्यांची बैठक, एक पाय या दालनात, एक त्या, म्हणजे जागा सोडली असं कुणाला म्हणता येऊ नये. तिला वाचायला शिकवलं ते आईने, पण पाहायला लावलं ते त्या उंबरठ्यावरच्या दोघांनी.

पुढे ती शिकली, परीक्षा दिल्या, याच संग्रहालयात शिक्षण विभागात सहायक म्हणून लागली. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मामा घरी आला आणि म्हणाला, "तिथे आपलं नातं नको हं. लोक म्हणतील, मामाने चिकटवली." ती म्हणाली, "मग तुला काय म्हणू?" तो हसला. "मामाच म्हण की. सगळेच म्हणतात." खरंच, संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळेच त्याला मामा म्हणत. इतकं सोपं होतं ते. फक्त घरी ती त्याला तू म्हणायची आणि तिथे तुम्ही. मामा, तुम्ही जरा ती खिडकी लावता का. पहिल्या आठवड्यात तो तुम्ही जिभेला टोचला, महिन्याभरात रुळला, आणि पुढे कधीतरी, नेमकं कधी ते तिला सांगता आलं नसतं, तो तिला आवडायला लागला. एकट्या वकिलाला सगळं ठाऊक होतं. जिन्यात भेटला की तो कपाळाला हात लावून म्हणायचा, "नमस्कार मॅडम," आणि एक डोळा बारीक करायचा. पण त्याने कधी कुठे शब्द काढला नाही, तो वादावादीचा माणूस असूनही.

सहा महिने झाले असतील. विश्वस्तांचे एक पाहुणे, मोठे अभ्यासक, दालनं पाहून गेले आणि संचालकांना म्हणाले की तुमचे पहारेकरी लोकांना परीकथा सांगतात. संचालकांनी तिला बोलावलं. "तुझी भाषा चांगली आहे. एक परिपत्रक करून दे, माझ्या सहीसाठी." मग चष्मा पुसत विचारलं, "तीन नंबरला कोण असतं ग?" ती म्हणाली, "बघते." दालन तीनला कोण असतं! तिने आपल्या टेबलाशी बसून लिहिलं: पहारेकऱ्यांनी प्रेक्षकांशी कलाकृतींविषयी शक्यतो बोलू नये. वाचून पाहिलं. वाक्य लुळं वाटलं. शक्यतो म्हणजे काय, बोलायचं की नाही बोलायचं? नियमात असला शब्द म्हणजे भिंतीतलं भोक. तिला आपल्या भाषेचा अभिमान होता. तिने 'शक्यतो'वर काट मारली, वाक्य कसं ताठ उभं राहिलं, आणि तिला बरं वाटलं. काट मारताना मामा डोळ्यांसमोर होता की नव्हता, हा प्रश्न तिने स्वतःला किती वेळा विचारला असेल. बरीच वर्षं ती स्वतःला सांगायची, नव्हता, मी वाक्याचा विचार करत होते. आज दार लावून बसल्यावर तिला स्वच्छ दिसलं की होता. हात पाठीमागे बांधून उभा होता. म्हणूनच तिने काट इतक्या झटकन मारली. तो शब्द राहिला असता तर मामा त्याच्यातून वाट काढून बोलत राहिला असता, पुन्हा कुणा पाहुण्याने तक्रार केली असती, पुन्हा संचालकांनी विचारलं असतं, तीन नंबरला कोण असतं, आणि एक दिवस कुणीतरी सांगितलं असतं.

परिपत्रक गार्डांच्या खोलीत लागलं. खाली संचालकांची सही. त्या संध्याकाळी मामा नेहमीसारखा घरी आला, जेवला, हात धुताना एवढंच म्हणाला, "बरं झालं. हल्ली घसा दुखायचाच." आई हसली. तीही हसली. त्यानंतर नऊ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तो दालन तीनमध्ये गप्प बसला. चित्रांकडे पाठ करून, दाराकडे तोंड. याच काळात ती सहायकाची अधिकारी झाली, अधिकाऱ्याची प्रमुख झाली, पुस्तिका निघाली. पहिली प्रत तिने मामाला नेऊन दिली तेव्हा त्याने पहिलं पान बघितलं, बोट त्या ओळीवरून हलकेच फिरवलं आणि म्हणाला, "छपाई छान आहे." तेव्हापासून ती धरून चालली होती की त्याला सगळं माहीत आहे. लहानपणी तिचे निबंध त्यानेच तपासले होते, तिचं वाक्य तो अंधारात ओळखेल. माहीत आहे आणि त्याने पोटात घातलं आहे. या न मागितलेल्या माफीवर तिने घर बांधावं तसं आयुष्य बांधलं होतं. पण मग ती शिक्षिका. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं, असं बावीस वर्षं मनात बाळगणारी एक परकी बाई. तिच्या हिशेबात ही बाई कधी आलीच नव्हती. असे आणखी किती असतील? ती दुपारच्या बैठकीत बसली, नव्या आवृत्तीच्या प्रकाशनावर बोलली, कुणी विचारलं त्याची उत्तरं दिली, आणि साडेपाचला निघून सरळ मामाकडे गेली.

मामा बहात्तर वर्षांचा, एकटा, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर तळमजल्याच्या एका खोलीत. लग्न केलं नाही, का ते कुणी विचारलं नाही. तो शेगडीचा बर्नर वर्तमानपत्रावर घेऊन पिनेने एकेक भोक साफ करत होता. "बैस," म्हणाला, "चहा मात्र हे बसवल्यावर." ती बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं. ते परिपत्रक, मामा, पहारेकऱ्यांनी बोलू नये असं. ते मी लिहिलं होतं. तुला माहीत असेलच, पण मी कधी सांगितलं नाही, म्हणून सांगते.

पिन थांबली. "कुठलं? गप्प बसायचं?"

"हो."

"ते साहेबांचं होतं. खाली सही होती."

"सही त्यांची. लिहिलं मी. त्यांनी सांगितलं म्हणून, पण मला मऊ लिहिता आलं असतं. मी नाही लिहिलं."

मामाने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर तिला ओळखीचं काही दिसेना. राग असता तर ती तयार होती. तो सगळा चेहराच कुठेतरी मागे, दूर, काहीतरी मोजत असल्यासारखा झाला होता. तो म्हणाला, "मग वकील नव्हता?"

"वकिलांचा काय संबंध?"

"कागद लागायच्या आठवडाभर आधी मला म्हणाला होता, तुझ्या दालनात जत्रा आणि माझ्याकडे चिटपाखरू नाही. तुझी तक्रारच करतो बघ वर. मी हसलो होतो. मग कागद लागला. दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन खाली जायला लागलो. तो आला मागोमाग. काय झालं म्हणाला. मी म्हटलं, तुला माहीत आहे. बस. तेवढंच. त्यानंतर त्याच्याशी एक शब्द नाही. नऊ वर्षं शेजारी होतो, पेन्सिल. त्याच्या पोराच्या लग्नाची पत्रिका आली होती, मी फाडली."

त्या दोघांचं बसणं बंद झालेलं तिने पाहिलं होतं. उंबरठा रिकामा असायचा, वकील डोळा बारीक करायचा थांबला होता. पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. नोकरीत जी कामं माणूस न शिकवता शिकतो त्यात न विचारणं पहिलं. मामा उठला. खुंटीवरचा शर्ट काढला. "चल. त्याचं घर मला माहीत आहे. छापखान्याच्या मागे. सहाच वाजलेत."

"मामा, थांब." आणि आता हेही तिलाच सांगायचं होतं. "ते गेले. दोन वर्षं झाली. ऑफिसातून शोकपत्र गेलं होतं." पत्रावर तिचीच सही होती, हे तिने सांगितलं नाही, मग सांगितलं. "मला वाटलं, तुमचं बोलणं नव्हतं, तुला कळवून काय करायचं."

मामा बटणं लावत राहिला. एक काज चुकलं, मग पुढची सगळी चुकली. ती पुढे झाली तसा तो एक पाऊल मागे सरला. लहानपणापासून आजवर तो तिच्यापासून असा मागे सरला नव्हता. "बायको असेल ना त्याची," तो म्हणाला. "चल."

गाडीत तो गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून बसला, ड्यूटीवर बसायचा तसा. तिला बोलायचं होतं. मी लहान होते, नवी होते, घाबरले होते. एकेक वाक्य तिने मनात मांडून पाहिलं आणि प्रत्येक वाक्य व्यवस्थित होतं, नेटकं, सहीसाठी तयार. तिला स्वतःच्या भाषेचा वीट आला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मामा काचेबाहेर बघत म्हणाला, "तुझं नाव मला का नाही सुचलं? वाक्य वाचलं तेव्हा वाटलं होतं, चांगलं लिहिलंय कुणीतरी."

चार मजले चढायचे होते. प्रत्येक वळणावर मामा कठड्याला धरून थांबला. दार उघडलं ते एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईने, हातात ओला टॉवेल. तिने मामाकडे पाहिलं आणि लगेच म्हणाली, "तीनवाले."

"हो, वहिनी."

"या. चपला असू द्या." भिंतीवर वकिलाचा फोटो होता, त्यातही त्याचं तोंड काहीतरी बोलायला उघडलेलं. बाईने पाणी आणलं. मामाने पेला हातात घेतला, प्यायला नाही. "वहिनी, माझं चुकलं," तो म्हणाला.

"काय चुकलं ते तर सांगा," बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, फार वेळ बाजूला ठेवलेलं काम हातात घ्यावं तसा तो आवाज होता. "हे शेवटपर्यंत तेच विचारत होते. दवाखान्यात होते तेव्हाही. तीनवाला का बोलेनासा झाला? मी काय बोललो असेन? माझं तोंडच वाईट, काहीतरी लागलं असणार त्याला. मी म्हटलं, मी जाऊन विचारून येते. तर नको म्हणाले. तो सांगेल तेव्हा सांगेल, आपण नाही वकिली करायची." ती थांबली. "आयुष्यभर केली आणि नेमकी तिथे नाही केली."

पेला अजून मामाच्या हातातच होता. तिने तो काढून घेतला, तेव्हा त्याने घेऊ दिला. "काकू," ती म्हणाली, "यांना वाटलं की वकीलकाकांनी तक्रार केली. त्यांनी नव्हती केली. ते पत्र मी लिहिलं होतं."

"कुठलं पत्र?" बाई म्हणाली.

या घरात त्या पत्राची गोष्ट कधी पोचलीच नव्हती. वकिलाला कारणसुद्धा मिळालं नव्हतं. तिला वाटत होतं की आपण इथे येऊन एक वाक्य बोलू, मग समोरचा माणूस रागावेल किंवा माफ करेल, आणि जे व्हायचं ते होऊन जाईल. पण या बाईला रागवायचं कशावर तेही आधी समजावून सांगायला हवं होतं. "संग्रहालयाच्या व्यवस्थापनाने त्या वेळी असं ठरवलं होतं की," तिने सुरुवात केली, आणि बाईने हात वर केला.

"असं नको. मला समजेल असं सांग. पहिल्यापासून." तिने ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, दिवा लावला आणि फोटोखालच्या खाटेवर पाय वर घेऊन बसली, लांबलचक ऐकायचं असल्यासारखी.

"मला नोकरी लागून सहा महिने झाले होते," ती म्हणाली. "मोठ्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. गुरुवार होता."

"बुधवार," मामा जमिनीकडे बघत म्हणाला. "गुरुवारी कागद लागला."

"बुधवार," ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.